नोकरी सोडणार नाही, आई-बाबा

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

पंचमीला मी आले तेव्हा बाबा म्हणाले होते, "सोड ती नोकरी, माझ्या पेन्शनीत तुम्हा मायलेकरांचे सहज भागेल." त्यामागची माया कळली, म्हणूनच तेव्हा माझ्या तोंडून उत्तर निघाले नाही. पुष्कळ विचार करून आता सांगते की मी शाळेतली नोकरी सोडणार नाही. तुमचा शब्द मोडला असे मात्र मनाला लावून घेऊ नका.

2008 साली 3,000 रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, तेव्हा खोलीचे भाडे देऊन आई बांधून देई त्या ज्वारीवरच महिना निघत असे. आज वजावटी होऊन 70,000 च्या आसपास हातात येतात. लातूरच्या मावशीचा मुलगा वीस टक्के अनुदानावर, म्हणजे पगाराच्या पाचव्या हिश्शावर, तेवढेच तास शिकवतो, त्यामुळे पगार कमी आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? बाबांसारखी जुनी पेन्शन 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आम्हांला नाही, ही सल आहेच. पण माझ्यावर वेळ आली त्या वर्षी स्वतःचा पगार होता म्हणून मला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही, हे तुम्हां दोघांना ठाऊक आहे.

बाबा, तुमच्या काळी गुरुजींनी शिकवावे एवढीच अपेक्षा होती. आमच्या शाळेत चार वर्ग आणि आम्ही दोघे. मागच्या आठवड्यात फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी झाली होती, तेवढ्यात आधार न जुळणाऱ्या मुलांची माहिती दोनच्या आत भरा, असा निरोप आला. रेंजसाठी मारुतीच्या पारापर्यंत गेले आणि तासाभराने परतले, तर तिसरीतली एक मुलगी विटेवर उभी राहून ती वजाबाकी इतरांना समजावत होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाईल आणि पट का घसरला याचा खुलासा माझ्याकडे मागितला जाईल. हा ताण कोणत्याही भत्त्याने भरून निघत नाही, हे मी मान्य करते.

त्यात 1 सप्टेंबर 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या आम्हांलाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावे लागेल. सतरा वर्षे शिकवल्यावर पुन्हा परीक्षा, याचे फार वाईट वाटले. तरीही 23 नोव्हेंबरला मी बसणार आहे, म्हणून दिवाळीत चारच दिवस येईन. आई, रागावू नकोस, भाऊबीज करूनच निघेन.

एक गोष्ट लपवली होती. श्रावणात शाळेतच भोवळ आली आणि रक्तदाब 150 वर 100 निघाला. आता रोज गोळी घेते, मीठ कमी केले आहे, आणि वसमतमध्ये स्टँडजवळ खोली घेतल्यामुळे पहाटेची धावपळ वाचली आहे. खोलीत ऊन येते, पाणी दिवसाआड असले तरी भरपूर येते, समोरच्या काकू भाकरी पाठवतात. लेकराचा अभ्यासही नीट चालला आहे.

रात्री पुस्तक उघडले की बाबांच्या सायकलचा दांडा आठवतो. त्यावर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला शाळेत न्यायचात आणि चढ आला की मी उतरू नये म्हणून स्वतः उतरून ढकलत चालायचात. अजूनही तसेच करू पाहता, बाबा. पण ती पेन्शन तुम्हां दोघांच्या औषधपाण्याची आहे.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकटे आणि लुनावर जायचे नाही, शेजारच्या पोराला सोबत घ्या. साखरेची गोळी जेवणाआधी घ्यायची, आठवण झाली की नव्हे. आणि आई, मोतीबिंदूचे ऑपरेशन तूर निघाल्यावर करू म्हणालीस ते मला पटलेले नाही. मी त्या चार दिवसांत अंबाजोगाईला येऊन तारीख ठरवणार आहे, तेव्हा आधीचे कागद पिशवीत काढून ठेव.

तुमची,
ताई