पोस्टमास्तरकाका, पाकिटं सुकली

ती. पोस्टमास्तरकाका यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांदेखत लिहितेय, कारण समोर बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषय उडवता.

काउंटरच्या आतून तुम्ही मला कायम 'ढगवाली' म्हणालात. वर्गातली पोरं फुलपाखरं, क्रिकेटपटू, आगगाड्या जमवायची. मला हवामानाचीच तिकिटं हवी असत. बाबांची होडी होती ना. 'बंदरात तीन नंबरचा बावटा' असा वादळाचा इशारा कानावर आला की आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा. त्या भीतीचं पुढे तिकिटांचं वेड कसं झालं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आपल्या गावच्या पोस्टात असली तिकिटं कुठली यायला! मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी देऊन तुम्ही ती तिथल्या मोठ्या पोस्टातून, जीपीओतून मागवायचात. हवामान खात्याच्या शंभरीचं १९७५ सालचं तिकीट मात्र तुम्ही स्वतःच्या शाळकरी वहीतून काढून दिलंत. खातं १८७५ मध्ये सुरू झालं, हेही तेव्हाच सांगितलंत. पुढे माझं मीच जमवत गेले. 'जागतिक हवामान टेहळणी' म्हणजे देशोदेशींनी मिळून हवामानावर नजर ठेवायची योजना, तिच्यावरची संयुक्त राष्ट्रांची १९६८ सालची तिकिटं मिळाली. १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय हवामान सहकार्याला शंभर वर्षं झाली तेव्हा देशोदेशी तिकिटं निघाली होती, त्यांतली काही आली. अमेरिकेचं २००४ सालचं १५ ढगांचं पान आलं, त्या दिवशी मी ते घेऊन धावतच पोस्टात आले. त्यात आपला मिरगाचा ढग कुठला यावर तुम्ही आणि मी वाद घालत बसलो आणि मागे मनीऑर्डरवाल्या आजी खोळंबल्या. त्यांनी चष्मा वर करून पान बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यात नाय." विषय संपला.

पण माझा खरा खजिना म्हणजे पाकिटं. २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो. जागतिक हवामान संघटनेचा करार १९५० साली त्याच तारखेला अमलात आला. त्या दिवशी एक पाकीट आणि मिरगाचा पहिला पाऊस पडेल त्या दिवशी दुसरं, दोन्ही माझ्याच पत्त्यावर. शिक्का तिकिटाच्या कोपऱ्यावर, हलका, तारीख वाचता येईल असा. गर्दी कितीही असो, तुम्ही शिक्का आधी रद्दीवर दोनदा मारून शाई कमी करायचात आणि मग माझ्या पाकिटावर. पाऊस कुठल्या साली कधी आला, ते बाबा मला विचारायचे आणि मी पाकिटं काढून सांगायचे.

मग ३ जून २०२०, 'निसर्ग' चक्रीवादळ. आपल्या श्रीवर्धन तालुक्याने काय बघितलं ते तुम्हाला काय सांगू! सुपारीच्या बागा आडव्या, माड मधोमध मोडलेले, आमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या विहिरीत. तिकिटांची ट्रंक चिंब झाली होती. ती मी उघडलीसुद्धा नाही. लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ही तिकिटं काय सुकवतेय, असं वाटलं. ताडपत्री द्यायला तुम्ही आलात, ट्रंक पाहिलीत, आणि काही न बोलता सायकलला बांधून घेऊन गेलात.

वीज नव्हती, ऊन नव्हतं. वापरलेल्या तिकिटांना पाण्याचं फारसं भय नसतं, साध्या पाण्यातच ती कागदापासून सोडवतात. वाट लागते कोऱ्यांची. मागचा गोंद ओला होऊन थप्पीची वडी बनते. तुम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ओला फडका ठेवलात, वर काकूंची पुरणाची चाळण, चाळणीत ती वडी, आणि झाकण लावून रात्रभर ठेवून दिलीत. ओलाव्याने चिकटलेलं ओलाव्यानेच सोडवायचं, आणि ओढायचं नाही, सुटेपर्यंत थांबायचं. मग टीपकागदाच्या घड्यांत घालून वर पाटा. काही तिकिटांचा गोंद गेला, म्हणजे संग्राहकाच्या हिशेबात निम्मी किंमत गेली. मी हिरमुसले तर तुम्ही म्हणालात, "चिकटवायची आहेत का तुला कुठे?"

पाकिटांवरचा माझ्या शाईपेनाचा पत्ता पार ओघळला होता. तुमचे शिक्के तसेच होते, वर्षानुवर्षांचे, तारखेसकट.

आणि अजून एका गोष्टीबद्दल आभार, जिच्यामुळे तेव्हा मी रागावले होते. पोस्ट पुन्हा उघडल्यावर मी पाकीट घेऊन आले आणि ३ जूनचा शिक्का मागितला. वादळाचं पाकीट नाही म्हणजे संग्रहात भोकच की! तुम्ही शिक्क्यातले तारखेचे आकडे मागे फिरवायला साफ नकार दिलात. "त्या दिवशी टपाल निघालं नाही, मग शिक्का कसला?" त्या पाकिटावर पोस्ट उघडलं त्या दिवसाचीच तारीख आहे. आता अल्बम बघणारा प्रत्येक जण विचारतो, त्या साली मधले दिवस कुठे गेले, आणि मला ते सांगावं लागतं.

तुम्ही निवृत्त होऊन लेकाकडे गेलात. काउंटरवर आता नवीन मुलगा आहे. भला आहे, पण शिक्का असा हाणतो की तिकिटावर काही दिसतच नाही. त्याला रद्दीवर दोनदा मारायला शिकवतेय. यंदाचं मिरगाचं पाकीट मी माझ्या नाही, तुमच्या पत्त्यावर टाकणार आहे. शिक्का कसा उमटलाय ते कळवा.

तुमची,
ढगवाली