यंदा मे महिन्यात येत नाही

साउदॅम्प्टन,
१९ एप्रिल

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहिते आहे. मे महिन्याची तिकिटे मी रद्द केली आणि गणपतीची काढली. आई, तू नातीसाठी फणसपोळीचा बेत केला असशील हे ठाऊक असूनही केले, म्हणून कारण सविस्तर सांगते. कारण आहे आमची होडी.

ही 'मिरर' जातीची होडी १९६३ साली डेली मिरर या वृत्तपत्राने लोकांपुढे आणली, ती कोणालाही घरच्या घरी बांधता यावी म्हणून. प्लायवूडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूंची पट्टी रेझिनने बसवायची, अशी तिची बांधणी. लांबी ११ फुटांहूनही कमी, नाक चपटे, शिडे तांबडी. तिच्यात हवेच्या बंद पेट्या असतात, त्यामुळे ती उलटली तरी बुडत नाही. पण गेल्या सप्टेंबरापासून पुढच्या पेटीतून दर फेरीनंतर दोन-तीन तांबे पाणी निघू लागले. अशा होडीत मी तुमच्या नातीला कशी बसवू?

महिनाभर मी पाणी साचते तिथलेच सांधे लिंपत बसले आणि पाणी येतच राहिले. मग, बाबा, तुमची आठवण झाली. माजघरात थेंब पडे तिथे आई पातेले ठेवायची, आणि तुम्ही मात्र माळ्यावर चढून दोन हात वरचे फुटके कौल शोधायचात, कारण पाणी रिपेवरून वाट काढत भलतीकडेच टपकते. मी खाली कंदील धरून उभी असे आणि मला तुमच्या पोटऱ्या तेवढ्या दिसत. तेच इथे केले. पेटीचे झाकण लावले, बुचाच्या भोकात नळी घालून तोंडानेच हलकी हवा फुंकली (पंपाच्या जोराने पेटी फुटू शकते) आणि नातीने सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. बुडबुडे आले ते थेट नाकाशी, लाट आदळते त्या सांध्यावर.

एवढ्यावर भागले असते तर मी आलेच असते. पण पेटीच्या खालच्या कोपऱ्यात टोच्या लावला, तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला. आधीच्या मालकाने हिवाळाभर बूच लावून ठेवले होते, आणि साचलेले पावसाचे गोडे पाणी लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा जास्त कुजवते. आता तो भाग कापून, कडा फळीच्या जाडीच्या ८ पट लांबीने उतरत्या तासून, नवा तुकडा इपॉक्सी या घट्ट धरणाऱ्या गोंदाने बसवायचा आहे. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही आणि थंडीत लवकर घट्ट होत नाही, म्हणून लाकूड वाळवून हे काम करायला मे महिनाच बरा, आणि माझी सलग रजाही तेवढीच. कारागिराकडे दिली असती, पण त्याची मजुरी होडीच्या किमतीहून जास्त झाली असती. शिवाय, रागावू नका, हे मला माझ्या हाताने करायचे आहे. ही खोड कोणाकडून आली ते आईला विचारा.

आई, इपॉक्सीला हात लावताना मी हातमोजे घालते, तासताना तोंडावर मास्क असतो, आणि जेवण वेळेवर होते. लेकीला जीवरक्षक जाकिटाशिवाय पाण्याजवळ जाऊ देत नाही. तू गुडघ्यांना तेल लावतेस ना? नव्या गाद्या माळ्यावर ठेवू नकोस, वापरा.

बाबा, रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची, चहा झाल्यावर आठवेल तेव्हा नाही. आणि यंदाची शाकारणी गड्याकडूनच करून घ्यायची. पैसे पाठवले आहेत. तुम्ही खाली खुर्चीवर बसून त्याला कौल दाखवा, तुमच्याइतके ते कोणाला कळत नाही. मागच्या वर्षीचा प्रसंग मी पुन्हा काढत नाही. शिडी मात्र काकांच्या पडवीत ठेवा; ते उद्या न्यायला येतील, मी त्यांना फोन केला आहे.

तुमची,
बाय