विद्युत अपघटनासाठी पॉवर सप्लाय

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विद्युत अपघटनाच्या, म्हणजे द्रावणातून वीज सोडून पदार्थांचे विघटन करण्याच्या, छोट्या प्रयोगांसाठी ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी पॉवर सप्लाय घ्यावा की १५ व्होल्ट, १० अँपिअरचा, असे तू विचारले आहेस. कागदावर दोघांची कमाल शक्ती १५० वॉटच आहे. तरी तू दुसरा घ्यावास, असे माझे मत आहे.

पाण्याचे विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला शक्य होते. प्रत्यक्षात अग्रांवर (द्रावणात बुडवलेल्या इलेक्ट्रोडवर) वायू सुटण्यासाठी लागणारे जादा व्होल्टेज आणि द्रावणाचा रोध धरून, द्रावण चांगले वाहक असेल तर एका घटाला, म्हणजे द्रावण व दोन अग्रे असलेल्या एका भांड्याला, दोन-तीन व्होल्ट पुरतात. म्हणजे ३० व्होल्टपैकी बहुतेक पडून राहणार, आणि सप्लाय लिनिअर जातीचा असेल तर उरलेल्या व्होल्टेजचा बराचसा भाग आत उष्णता होऊन जाणार. पदार्थ किती तयार होईल, हे मात्र करंट ठरवतो. फॅरेडेच्या नियमानुसार १ अँपिअर तासभर वाहिला, तर ०° सेल्सिअस आणि सामान्य वायुदाबाला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन मिळतो व ऑक्सिजन त्याच्या निम्मा. तांब्याचा मुलामा देताना तेवढ्याच विद्युतभारात जास्तीत जास्त १.१९ ग्रॅम तांबे बसते.

म्हणून सप्लाय स्थिर करंटवर, म्हणजे सीसीवर, चालव. व्होल्टेज अगदी कमी ठेवून आउटपुटची दोन टोके एकमेकांना जोडायची, करंटची मर्यादा लावायची, आउटपुट बंद करून मग घट जोडायचा आणि व्होल्टेज गरजेपेक्षा थोडे वर ठेवायचे. व्होल्टेज स्थिर ठेवून करंट मोकळा सोडला, तर द्रावण तापते, त्याचा रोध घटतो, करंट वाढतो आणि द्रावण आणखी तापते. सीसीमध्ये हे चक्र तुटते आणि व्होल्टमीटर तुझा निदानकर्ता होतो: त्याच करंटसाठी आकडा चढू लागला, तर धनाग्रावर (सप्लायच्या धन टोकाला जोडलेल्या अग्रावर) थर साचला आहे, अग्राला वायर जोडणारी क्लिप गंजली आहे किंवा द्रावणाची पातळी उतरली आहे. (क्लिपा द्रावणाबाहेरच ठेव, बुडाल्या तर त्याच आधी विरघळतात.) सप्लायवरच्या आकड्यांची एकदा मल्टिमीटरने पडताळणी करून घे.

याच पद्धतीने लोखंडी वस्तूचा गंज काढताना धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात धनाग्र साध्या लोखंडाचे असावे. स्टेनलेस स्टीलमधून विषारी क्रोमियम संयुगे द्रावणात उतरतात. मीठ वापरू नकोस, कारण त्याने क्लोरीन सुटतो.

हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असताना ते पेटायला एक ठिणगी पुरते. तेव्हा खिडकी उघडी असू दे, आणि क्लिप काढण्यापूर्वी आउटपुट बंद करायला विसरू नकोस. बंद केल्यावरही वायूने वेढलेली अग्रे थोडा वेळ बॅटरीसारखी वागतात आणि उलटा प्रवाह सप्लायमध्ये ढकलू पाहतात. धन वायरमध्ये प्रवाहाच्या दिशेने एक दणकट डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बसवलास, तर हा उलटा प्रवाह अडेल. डायोडवर जाणारा अर्धा-एक व्होल्ट तेवढा व्होल्टेज लावताना जमेस धर.

तुझा स्नेहांकित मित्र