मत कुणाला दिलं, ते सांगते

लेस्टर,
रविवार, ७ जुलै २०२४

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मत कुणाला दिलंस?" आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. पण उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं, आणि मागून आई "आधी जेवली का ते विचारा" म्हणत होती. आज सुट्टी आहे, रात्रपाळ्या संपल्या, म्हणून कागद घेऊन बसले. चष्मा लावून स्वतःच वाचा. दादाला वाचून दाखवायला सांगू नका, त्याचं कारण पुढे येईल.

तुम्हाला अजून खरं वाटत नाही की मला इथे मत आहे. आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा पासपोर्ट आणि इथे राहायचा परवाना असला की पार्लमेंटच्या मतदार यादीत नाव घालता येतं. आमच्या वरच्या मजल्यावर दीवचं कुटुंब आहे. दीव, दमण, गोवा एकेकाळी पोर्तुगिजांचं, त्या हक्कानं त्यांनी पोर्तुगालचा पासपोर्ट काढला आणि युरोपीय म्हणून इथे आले. त्यांना नगरपालिकेला मत देता येतं, पार्लमेंटला नाही. आणि मी कुंभारीची, भारताचा निळा पासपोर्ट दाखवून इंग्लंडचा खासदार निवडते! तोच पासपोर्ट असून सोलापूरच्या मतदानाला मात्र ७ मे रोजी प्रत्यक्ष हजर राहायला हवं होतं. रजा मिळाली नाही. काँग्रेसच्या प्रणितीताई शिंदे माझ्या मताशिवाय निवडून आल्या. लाल बावट्याच्या आडम मास्तरांसाठी तीन विधानसभा ज्यांच्याविरुद्ध तुम्ही गल्लोगल्ली फिरलात, त्यांनाच या खेपेला मत देऊन आलात आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलला नाहीत, हे आईनं सांगितलं मला. तेव्हा हसले होते. आता हसणार नाही.

प्रचाराची सुरुवातच बघण्यासारखी झाली. २२ मे रोजी ऋषी सुनक घराबाहेर उभे राहून निवडणूक जाहीर करायला लागले आणि पाऊस आला. छत्री नाही, कोट भिजून चिप्प, आणि फाटकाबाहेर कुणीतरी भोंग्यावर लेबर पक्षाचं १९९७ सालचं प्रचाराचं गाणं लावलेलं. मला २०१९ चा साताऱ्याचा पाऊस आठवला. तुम्हाला पवारसाहेब पटत नाहीत, पण भिजावं कसं ते त्यांना कळतं, एवढं तरी कबूल कराल. पुढे सुनक दुसऱ्या महायुद्धाच्या नॉर्मंडीतल्या स्मृतिसोहळ्यातून अर्ध्यावर परत आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना माफी मागावी लागली. मग त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी निवडणुकीच्या तारखेवर सट्टा लावल्याचं बाहेर आलं. चौदा वर्षं राज्य केलेला पक्ष आपल्या वजनानंच खाली बसत होता. त्यांच्यावर शाई घालवत नाही.

मला बोलायचंय ते आपल्या पक्षाबद्दल. आपल्या म्हणजे, लेबर. लहानपणी तुम्हीच सांगायचात ना, टाटांचा भाचा शापूरजी साकलातवाला मुंबईहून इकडे आला आणि १९२२ साली लेबरच्या पाठिंब्यावर लंडनच्या बॅटरसीतून पार्लमेंटात गेला, दोन वर्षांनी उघड कम्युनिस्ट म्हणून पुन्हा निवडून आला. विमानात बसले तेव्हा माझ्या डोक्यात इंग्लंड म्हणजे तेच होतं.

आणि आता किअर स्टार्मर. माणूस वाईट नाही. वकील आहे, नीटनेटका बोलतो. पण प्रचारभर एकच पालुपद: माझे वडील अवजारं बनवणारे कामगार होते. इतक्या वेळा म्हणाले की टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात समोरचे लोक हसले. मी रात्रपाळीच्या आधी डबा भरत बघत होते, मीही हसले. मग वाईट वाटलं. पण अण्णा, तुम्ही मागावर होतात आणि आई विड्या वळायची हे मी वॉर्डात दहा वेळा सांगितलं, तर माझा पगार वाढेल का? वडील काय करायचे हे सांगून झालं की तुम्ही काय करणार हे सांगायला नको?

त्यावर उत्तर होतं सहा कलमांचं. त्यातलं एक आमच्या खात्याचं: आठवड्याला ४० हजार जादा अपॉइंटमेंट, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. उपचारांच्या प्रतीक्षा यादीत इंग्लंडमध्ये ७५ लाखांच्या आसपास नोंदी आहेत, तेव्हा योजना चांगलीच. पण संध्याकाळी आणि रविवारी तिथे उभं कोण राहणार? आम्हीच ना. २०२२ च्या डिसेंबरात परिचारिकांच्या संघटनेनं तिच्या शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा देशपातळीवर संप केला. त्याच वर्षी उन्हाळ्यात रेल्वेचा संप झाला, तेव्हा स्टार्मरनी आपल्या पुढच्या बाकावरच्या, म्हणजे पक्षात पद असलेल्या, खासदारांना बजावलं होतं, संपकऱ्यांच्या रांगेत उभं राहू नका. कामगारांच्या नावाचा पक्ष आणि संपावर जायला बंदी! तुमच्या युनियनच्या ऑफिसात हे कुणी म्हटलं असतं तर चहा न पाजता बाहेर काढलं असतंत.

दुसरं, दोन पोरांची अट. २०१७ पासून इथे नियम आहे, गरीब घरात तिसरं मूल झालं तर त्याच्या नावची मदत नाही. महिन्याला सुमारे २८८ पौंडांचा प्रश्न. आपल्याकडे तिसरं मूल झालं तर सरपंचपद जातं, इथे पोराच्या पुढ्यातलं दूध जातं. नियम केला सुनक यांच्या हुजूर पक्षानं, आणि तो रद्द करू असं लेबरच्या जाहीरनाम्यात कुठेही नाही. का, तर तिजोरीत पैसा नाही. जाहीरनाम्याच्या कव्हरवर स्टार्मरांचा फोटो आणि एकच शब्द मोठ्या अक्षरात, 'बदल'.

तिसरं माझ्या मैत्रिणीचं. केरळच्या कोट्टयमची आहे, वृद्धाश्रमात काम करते. ११ मार्चपासून वृद्धसेवेसाठी नव्यानं येणाऱ्यांना नवरा किंवा मुलं आणता येत नाहीत. ती एप्रिलमध्ये आली. इथल्या म्हाताऱ्यांना रात्री कूस बदलून देते आणि पहाटे फोनवर चार वर्षांच्या मुलीला शाळेसाठी उठवते. लेबरनं हा नियम मागे घेऊ असं म्हटलं नाही, उलट बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी करू असंच छापलं. तिलाही मत होतं. ती गेलीच नाही मतदानाला.

गाझाबद्दल लिहीत नाही. लिहायला बसले तर दुसरा कागद लागेल. एवढंच सांगते की शेजारच्या दक्षिण लेस्टरमध्ये लेबरचा बडा नेता, मंत्री होणार म्हणून ठरलेला, त्या एका प्रश्नावर ९७९ मतांनी पडला.

आता आमचा पूर्व लेस्टर. हा मतदारसंघ १९८७ पासून लेबरचा. इथे कीथ वाझ होते, मूळचे गोव्याचे, बत्तीस वर्षं खासदार. यंदा तेही वेगळ्या पक्षाकडून उभे. २०१९ साली लेबरकडून निवडून आलेल्या आणि नंतर पक्षानं काढलेल्या क्लॉडिया वेब अपक्ष. आणि लेबरनं दिले राजेश अगरवाल, जन्मानं इंदूरचे, लंडनच्या महापौरांचे माजी उपमहापौर. सोलापुरात भाजपच्या राम सातपुतेंना लोक उपरे म्हणाले ना, तेच इथे. त्याआधी, गेल्या वर्षी नगरपालिकेच्या वेळी लेबरनं आपलेच १९ नगरसेवक तिकीट न देता घरी बसवले होते. त्यात भारतीय वंशाचे बरेच. लोक ते विसरले नव्हते.

आणि २०२२ चं तर कुणीच विसरलं नव्हतं. भारत-पाकिस्तान क्रिकेटच्या सामन्यानंतर सप्टेंबरात इथे हिंदू आणि मुसलमान पोरं रस्त्यावर समोरासमोर आली होती. तेव्हापासून पत्रकं अशीच येतात. या वेळी हिंदू संघटनांनी हिंदूंचा वेगळा जाहीरनामा काढला, मंदिरांना संरक्षण द्या, पुजाऱ्यांच्या व्हिसाचं बघा. मुसलमान मतदारांसाठी वेगळी मोहीम. माझ्या दारात दोन्हीकडचे कागद पडले, आडनावावरून नीट निवडता आलं नसावं त्यांना. दोन्ही वाचले. शिलाईच्या कारखान्यांवर एक ओळ नाही. इथेच २०२० साली ताशी साडेतीन पौंडांवर बायका राबत असल्याच्या बातम्या आल्या होत्या, कायद्यानं त्याच्या दुपटीहून जास्त द्यायला हवं असताना. नंतर बरेच कारखाने बंद पडले आणि त्या बायका घरी बसल्या. त्यात हिंदूही आहेत आणि मुसलमानही. लेबरनं तरी यावर बोलावं की नाही? त्यांचा कार्यकर्ता आला तोही मला विचारतो, "तुम्ही कुठल्या समाजाच्या?" मी म्हटलं, "नाइट ड्युटीच्या." त्याला कळलं नाही.

तुम्हाला शेजारच्या बांबद्दल सांगायचंय, बा म्हणजे गुजरातीत आई. सत्तरी ओलांडलीय. १९७२ मध्ये इदी अमीननं हाकललं तेव्हा कंपालाहून आल्या, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडाच्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, जागा नाही. तरी आल्या. टाइपरायटरच्या कारखान्यात लागल्या. १ मे १९७४ रोजी तिथल्या आशियाई कामगारांनी काम बंद केलं, गोऱ्यांना वेगळा हिशोब आणि आम्हाला वेगळा का म्हणून. शेकडो लोक तीन महिने बाहेर. युनियननं पाठिंबा दिला नाही. मेच्या थंडीत साडीवर कोट घालून फाटकावर उभं राहायचो, असं बा सांगतात. पुढच्या वर्षी कंपनीच बंद झाली.

या बांनी गुरुवारी हुजूर पक्षाच्या शिवानी राजांना मत दिलं. मी विचारलं, बा, तुम्ही? त्या ढोकळ्याचं ताट माझ्या हातात देत म्हणाल्या, "ती मुलगी इथे जन्मली, तीन वेळा दारात आली. तुमचे लेबरवाले मला पन्नास वर्षं आपली समजून बसले, आपल्या माणसाकडे कोण कशाला जातं?" मला आपली वसाहत आठवली. लाल बावट्याच्या लढ्यातून विडी कामगारांची दहा हजार घरं उभी राहिली, आणि मतांच्या दिवशी त्याच घरांतून लोक दुसरीकडे गेले. तुम्ही त्यांना कृतघ्न म्हणायचात. मीही म्हणायचे. बांना मी कृतघ्न म्हणू शकले नाही.

मतदान एका चर्चच्या सभागृहात होतं. सकाळी सातला, ड्युटीवरून थेट गेले. पोलीस नाहीत, माईक नाही, एक बाई कुत्रं घेऊन रांगेत. यंदा लोकसभेसारख्या या मोठ्या निवडणुकीत पहिल्यांदाच फोटोचं ओळखपत्र लागत होतं, त्यावरून पुढच्या म्हातारबुवांची कटकट चालली होती. कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, फुली मारायची. बोटाला शाई नाही. शाई नसली की मत दिल्यासारखंच वाटत नाही, अण्णा.

आत उभी राहिले तेव्हा मनात होतं, वेबबाईंना फुली मारावी आणि लेबरला धडा शिकवावा. गाझावर, गरिबांच्या मदतीवर त्या माझ्या मनातलं बोलत होत्या. त्यांचं बाकीचं सगळंच पटत नव्हतं, पण ते कारण नव्हतं. मला तुमचं २०१९ आठवलं आणि पेन्सिल राजेश अगरवालांसमोर गेली. एवढंच. लेबर. ओठ दाबून, तुमच्यासारखं.

आणि पडले ते. शिवानी राजा १४,५२६. अगरवाल १०,१००. वेब ५,५३२. वाझ ३,६८१. फरक ४,४२६ मतांचा. देशभर हुजूर पक्षानं अडीचशेच्या आसपास जागा घालवल्या आणि नवी अशी एकच मिळवली, ती आमची. लेबरला ६५० पैकी ४११ जागा, मतं मात्र ३४ टक्क्यांच्या आतच. आकडा सांगते, ९७ लाख. लेबरचे आधीचे नेते कॉर्बिन २०१९ मध्ये दारुण हरले म्हणतात, तेव्हा लेबरला १ कोटी २ लाखांहून जास्त पडली होती. ते या वेळी अपक्ष उभे राहून लंडनमध्ये जिंकले. बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणाऱ्या फराजच्या पक्षाला ४१ लाख मतं आणि पाच जागा. तेवढ्या मतांचा राग पुढच्या पाच वर्षांत कुठे जाणार, याची मला खरी भीती आहे.

काल नव्या पंतप्रधानांनी निर्वासितांना रवांडाला पाठवायची योजना बंद केल्याचं सांगितलं. ते बरं केलं. दोन पोरांच्या अटीबद्दल अजून काही नाही.

शुक्रवारी सकाळी मी तीच बेरीज केली जी तुम्ही २०१९ च्या मे महिन्यात पेपराच्या कडेला केली होती. सोलापुरात सुशीलकुमार शिंदे पडले १ लाख ५८ हजारांनी, बाळासाहेब आंबेडकरांना पडली १ लाख ७० हजार. दादानं वंचितला मत दिलं होतं. "घरातच वैरी" म्हणून तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नाहीत, आणि मी तुमच्या बाजूनं त्याला वाट्टेल ते बोलले. तो एकच म्हणायचा, "आमची मतं त्यांच्या बापाची आहेत का?" अगरवाल आणि वेब यांची मतं मिळवली तर १५,६३२ होतात. शिवानी राजांपेक्षा अकराशेनं जास्त. बेरीज तुमचीच बरोबर निघते. पण ती लिहून झाल्यावर मला बा दिसल्या, कोट्टयमची मैत्रीण दिसली, आणि दादाचं वाक्य कानात वाजत राहिलं.

म्हणून त्याला हे पत्र वाचायला देऊ नका. पुढच्या रविवारी मी त्याला स्वतः फोन करणार आहे. तो घरी असेल अशा वेळी सांगा, आणि तुम्ही तेव्हा जरा बाहेर फिरून या.

आईला सांगा जेवले. गुडघ्याचं तेल आणि वाचायचं भिंग पार्सलनं पाठवलंय, दहा-बारा दिवसांत मिळेल. पाऊस कसा आहे ते कळवा.

आपली लाडकी,
बेबी