‘तो काळच तसा होता’?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इतिहासातल्या एखाद्या सत्ताधीशाच्या क्रौर्याचा विषय निघाला की ‘तो काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने मोजू नका’ असं म्हणून बोलणं मिटवलं जातं. मी अनेक वर्षं इतिहास शिकवला. वर्गात मीही हे सांगत असे. आता ते मला पटत नाही.

नेपोलियनचंच घ्या. १८०४च्या त्याच्या दिवाणी संहितेने जन्मावरून मिळणारे विशेषाधिकार नाकारले. अनेक देशांचे कायदे तिच्यावर बेतले गेले. हे मोठंच काम. पण फ्रान्सने १७९४मध्ये रद्द केलेली गुलामगिरी यानेच १८०२मध्ये वसाहतींत पुन्हा कायदेशीर केली. म्हणजे काळ पुढे गेला होता, त्याला मागे ओढलं ते या माणसाने. तेव्हा फ्रेंच वसाहत असलेल्या हैतीतल्या गुलामांच्या उठावाचा नेता तुसाँ लूव्हेर्त्यूर याला बोलणीच्या निमित्ताने बोलावून पकडलं. १८०३मध्ये तो जुरा पर्वतातल्या एका थंडगार किल्ल्यात कैदेतच मेला. संहितेतल्या कुठल्याही कलमाने त्याची कोठडी उबदार होत नाही. म्हणून जमेतून खर्च वजा करून ‘एकंदरीत थोर’ असा शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं. लाभ एकाला झाला, किंमत दुसऱ्याने मोजली. वजाबाकी करायची कोणाच्या वतीने?

चर्चिल यांचंही तेच. १९४०मध्ये ते हिटलरपुढे झुकले नाहीत, याचं ऋण जगावर आहे. पण १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मरत असताना त्यांचेच भारतमंत्री ॲमरी आणि व्हाइसरॉय वेव्हेल धान्यासाठी त्यांच्याकडे तगादा लावत होते, आणि ते पुरेसं धान्य पाठवत नव्हते. ॲमरी आणि वेव्हेलही त्याच काळातले होते ना?

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो अशोक, कारण तो मला मनापासून आवडतो. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख देशोधडीला लागली, हे त्याने तेराव्या शिलालेखात स्वतः कोरून ठेवलं. असा पश्चात्ताप किती राजांनी केला? मात्र त्याच लेखात वनवासी टोळ्यांना धाकही घातलेला आहे. आणि खुद्द कलिंगात, धौली आणि जौगड इथे, हा लेख कोरलेलाच नाही. तिथे वेगळे लेख आहेत. ज्यांची माणसं गेली, त्यांच्यासमोर ती कबुली आलीच नाही.

आपल्या दैनिकातल्या थोरांवरच्या लेखांत तुसाँसारख्यांनाही जागा मिळावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका