काचेवरून उतरणारं पाणी

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१५ फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मेंडोटा तळं अजून गोठलेलंच आहे. लोक त्यावरून चालत जातात, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. मी ठीक आहे, थंडीची काळजी करू नका. आज लिहायचंय ते आमच्या लॅबमधल्या माणसांबद्दल. खरं तर एकाच बाईंबद्दल.

आमची काचेची भांडी धुणं, निर्जंतुक करणं, जिवाणूंसाठी प्लेट ओतणं हे सगळं त्या २६ वर्षं करताहेत. इथे सगळे त्यांना नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून मात्र ते निघत नाही. मनात मी त्यांना मावशीच म्हणते. परवा लवकर गेले, तर त्या सिंकपाशी विसळलेला फ्लास्क उजेडात धरून उभ्या होत्या. पाण्याचा पातळ पडदा सलग उतरला तर काच स्वच्छ. मध्ये थेंब अडकले तर पुन्हा धुवायची. बाबा, मी सातवीत असताना तुम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये ब्युरेट धरून मला हेच दाखवलं होतंत. माझा घसा दाटून आला. मी त्यांना सांगितलं, माझे वडीलही हेच काम करायचे.

नोव्हेंबरात माझे दोन आठवडे वाया गेले होते, ते तुम्हाला कळवलं नव्हतं. आम्ही ई. कोलाय जिवाणूंत हवा तो जीन घालतो आणि त्याच्याबरोबर ॲम्पिसिलिन या जिवाणू मारणाऱ्या औषधाला दाद न देणारा दुसरा एक जीनही. मग प्लेटमध्ये ॲम्पिसिलिन असलं की ज्यांनी जीन घेतला तेवढेच जिवाणू जगतात. माझ्या प्लेटवर मात्र सगळेच उगवले, नुसती पांढरी साय. मावशींनी प्लेट पाहिली आणि एवढंच विचारलं, "बाटली किती गरम होती?" अगार, म्हणजे प्लेटमध्ये ओतायची जेली, ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रातून, १२१ अंशांवर तापून निघते. मी घाईनं त्यात औषध घातलं आणि ते उष्णतेनं निकामी झालं. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवायची, चटका सोसवला की मगच घालायचं. फार थांबलं तर अगार बाटलीतच थिजतं. आई, तू विरजण लावताना दुधात बोट बुडवून बघतेस ना, अगदी तसं.

बाकीच्यांत ब्राझीलचा एक पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन करणारा, आहे. त्याची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. रात्री सेंट्रिफ्यूज फिरत असताना तो लेकीशी व्हिडिओवर बोलतो. बी.एस्सी.चा एक मुलगा डेअरीवाल्यांचा आहे. सुट्टीत घरी गेला की पहाटे गोठ्यात असतो. आपल्या म्हशीबद्दल त्यानं मला इतकं विचारलं की दादाला फोन लावावा लागला. आमच्या प्रोफेसर मॅडम बहुतेक वेळ अनुदानाचे अर्ज लिहीत असतात. पण सोमवारच्या बैठकीत त्या आधी फसलेल्या प्रयोगांबद्दल विचारतात, म्हणून मला त्या फार आवडतात.

हरगोविंद खुराणा याच विद्यापीठात १९६० ते १९७० होते. १९६८चं नोबेल मिळालं तेव्हा ते इथेच काम करत होते. तुमच्या लॅबच्या दाराला चिकटवलेलं त्यांचं कात्रण मला रोज आठवतं. त्यांच्याही लॅबमध्ये कोणीतरी काच धुतली असेलच. ते कोण, हे मला जाणून घ्यावंसं वाटतं.

आमच्या नव्या शोधनिबंधाच्या मसुद्यात मावशींचं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मी मॅडमकडे गेले. त्यांनी लगेच लिहून घेतलं, आणि मावशींची क्षमाही मागितली. बाबा, तुम्ही ३१ वर्षं प्रॅक्टिकलची मांडामांड केलीत. निरोपसमारंभाच्या भाषणात तुमच्या कामाबद्दल एक वाक्यही नव्हतं, ते मी विसरलेले नाही.

मावशींना तुमचा फोटो बघायचाय. ब्युरेट स्टँडपाशी खाकी कपड्यांत उभे आहात तो, कपाटातल्या निळ्या अल्बममधला. दादाला मोबाइलवर काढून पाठवायला सांगा. मागे साल लिहिलेलं असेल तर तेही. त्यांनी विचारलंय.

आजीला नमस्कार, दादाच्या पिल्लाला पापा.

तुमची,
छोटी