विसरण्याचे खापर वयावर फोडू नका

माननीय संपादक,

सकाळी पर्वतीवर येणाऱ्या आम्हा ज्येष्ठांमध्ये हल्ली शुगर-बीपीपेक्षा विसरण्याचीच चर्चा जास्त असते. ओळखीचा माणूस समोर येतो, नाव जिभेवर असते, पण आठवत नाही. मग मनात धास्ती बसते, ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नसेल?

वयाबरोबर मेंदूचा वेग मंदावतो, हे खरे. नव्या आठवणी पक्क्या करणारा हिप्पोकॅम्पस हा भाग उतारवयात वर्षाला साधारण १ ते २ टक्के आक्रसतो. पण शब्दसंग्रह आणि अनुभवाचे ज्ञान साठी-सत्तरीतही टिकून असते. रॉबर्टो काबेझा या संशोधकाने २००२ मध्ये दाखवले, की जे काम तरुण माणूस मेंदूच्या पुढच्या भागाची प्रामुख्याने एक बाजू वापरून करतो, त्यासाठी चांगली स्मृती राखलेले वृद्ध दोन्ही बाजू कामाला लावतात. मला हे फार धीर देणारे वाटते.

रोजच्या लक्ष्मी रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, साधा हिशेब न जमणे हे मात्र वेगळे. तिथे मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवे. देशात साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज आहे.

माझा राग आहे तो 'वयच झालंय आता' या वाक्यावर. माझ्या थोरल्या जाऊबाई गॅस बंद करायला विसरू लागल्या, पायांना मुंग्या येत, बोलणेही कमी झाले. घरच्यांनी आणि एका डॉक्टरांनीही वयाकडे बोट दाखवले. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले, तर ब-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला. इंजेक्शने सुरू झाली आणि काही महिन्यांत त्या भिशीचा हिशेब पुन्हा स्वतः लिहू लागल्या. पुण्याला हे नवे नाही. इथल्याच केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत ब-१२ची कमतरता किती सर्रास आहे, हे कधीच दाखवून दिले आहे. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या काही गोळ्या यांनीही स्मरण ढासळते, आणि यांवर इलाज आहे.

कानांचे तर बोलायलाच नको. चष्म्याची लाज नाही, पण कानाचे यंत्र कपाटात पडून असते. जे नीट ऐकूच आले नाही, ते लक्षात कसे राहणार? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यांत श्रवणदोष आहे. या १४ धोक्यांवर वेळीच काम झाले, तर जवळपास ४५ टक्के रुग्णांमध्ये आजार टाळता किंवा लांबवता येईल, असे आयोग म्हणतो.

२१ सप्टेंबरच्या अल्झायमर दिनाला व्याख्याने होतात, ती व्हावीतच. पण महापालिकेच्या दवाखान्यांत महिन्यातून एक दिवस साठीपुढच्यांसाठी कान, ब-१२ आणि थायरॉइडची तपासणी व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. जागेची अडचण असेल, तर आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आपले सभागृह आनंदाने देईल.

– एक ज्येष्ठ वाचक, सहकारनगर, पुणे